दहा वाजून तेरा मिनिटांचं विमान

गुरप्पा म्हेत्रे जन्मात कधी विमानात बसले नव्हते. पण कुठल्याही दोन गावांमधलं अंतर त्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही, असं साखर पेठेतल्या त्या बोळात कधी झालं नव्हतं. सिद्धप्रभा फॉरवर्डिंग एजन्सीत ते हेडक्लार्क होते. सोलापूरच्या चादरींच्या आणि टॉवेलांच्या गाठी रेल्वेनं देशभर रवाना करायच्या, हा एजन्सीचा धंदा. बावीस वर्षं गाठी पाठवून पाठवून अख्खा देश गुरप्पांच्या डोक्यात किलोमीटरांच्या रूपानं जाऊन बसला होता. कटक म्हटलं की इतरांना काय आठवत असेल ते असो, गुरप्पांना आकडा आठवायचा. कुणी विचारलं की ते डोळे मिटायचे, एखादी मालगाडी जाऊ द्यावी तेवढा वेळ जाऊ द्यायचे आणि मग सांगायचे. शिवाय गाडी कुठं बदलायची आणि वाटेत चहा कुठं पिऊ नये, हे न विचारता सांगायचे.

अशा माणसाकडे डिसेंबरातल्या एका सकाळी कमलम्मा आली.

कमलम्मा समोरच्याच घरात राहायची. विणकराचं घर, आत तेलुगू, दारात मराठी. वय पासष्टीच्या पुढं आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ती बोळ ओलांडून आली, म्हणजे काम साधं नसणार हे गुरप्पांच्या पत्नीनं, महादेवीनं, तेव्हाच ओळखलं आणि पाट पुढं सरकवला.

"म्हेत्रेसाहेब," कमलम्मा म्हणाली, "मुंबईहून हैदराबादला विमान जातंय ना, ते आपल्यावरनं जातंय काय हो?"

प्रश्नामागं नरसय्या होता. नरसय्या तिचा धाकटा भाऊ, हैदराबादला असायचा. अकरा वर्षांपूर्वी कमलम्माच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा नवरीला टोपलीत बसवून मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणजे नरसय्याचा होता. मामाची गाडी पाच तास उशिरा आली. मुहूर्त थांबेना, म्हणून टोपली दुसऱ्याच कुणी उचलली. नरसय्या मांडवाच्या दारातूनच मागं फिरला. जेवलाही नाही. तेव्हापासून दोघांचं पत्र नाही की निरोप नाही. आणि आता मुलीकडून कळलं होतं की त्याचं मुंबईत पोटाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय, टाके ओले आहेत, गाडीत रात्रभर बसवू नका. म्हणून त्याचा मुलगा त्याला दहा तारखेच्या सकाळच्या विमानानं हैदराबादला नेणार आहे.

"भेटायचं न्हाय मला," कमलम्मा म्हणाली. "तो कशाला भेटतोय? तो वरनं जाईल, मी खालनं बघीन. तेवढंच."

'मला ठाऊक नाही' ही तीन शब्दांची साधी ओळ गुरप्पांनी त्या वेळी उच्चारली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बावीस वर्षांत ती ओळ त्यांच्या तोंडात बसलेलीच नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

"जातं की," ते म्हणाले. "सोलापूर टाळून ते जाईल कुठनं?"

त्याच दिवशी ऑफिसात त्यांनी हिशेबाला हात घातला. समोर भिंतीवर रेल्वेचा नकाशा होता. त्या नकाशात सोयीसाठी सगळे मार्ग पट्टीनं मारल्यासारखे सरळ काढलेले होते. मुंबई, सोलापूर आणि हैदराबाद ही तिन्ही गावं दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलांसारखी एका ओळीत होती. मुंबई ते हैदराबाद रेल्वेनं सातशे नव्वद किलोमीटर. मुंबई ते सोलापूर चारशे पंचावन्न. विमानाला लागतो सव्वा तास, असं कमलम्माच्या मुलीनं लिहिलं होतं; ते सुटतं साडेनऊला. त्रैराशिक मांडलं. त्रेचाळीस मिनिटं आली. लोणावळ्याच्या घाटात मागून दुसरं इंजिन लावावं लागतं, ते विमानाला लागत नाही, म्हणून दोन मिनिटं वजा केली. पण विमानाला वर चढायला वेळ लागत असणार, म्हणून दोन मिनिटं परत मिळवली. गुरप्पा हिशेबाला पक्के होते. दहा तारखेला सकाळी दहा वाजून तेरा मिनिटांनी नरसय्या साखर पेठेच्या डोक्यावर असणार होता.

विमान रेल्वेच्या रुळांवरून जात नाही, ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नाही. ती त्या वेळी सुचली नाही, इतकंच. मोठमोठ्या माणसांचं असं होतं.

बोळात पहिला आडवा आला राजेसाब. राजेसाब एसटीत ड्रायव्हर होता, बार्शीच्या गाडीवर. संध्याकाळी नळापाशी त्यानं ऐकलं आणि टोपी मागं सारून म्हणाला, "साब, ते विमान आपल्यावरनं न्हाय जात. बार्शीवरनं जातंय. दहाच्या सुमाराला मी स्टँडवर च्या पीत असतोय, तवा रोज वरनं जातंय की."

"बार्शीवरून?" गुरप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, की राजेसाबनं टोपी परत पुढं ओढली. "राजेसाब, बार्शीची लाइन कोणती?"

"छोटी गाडी."

"नॅरोगेज! अहो, जिथं धड मोठं इंजिन जात नाही तिथून विमान जाईल काय?"

नळावरचे सगळे हसले. राजेसाबही हसला. एवढा मोठा माणूस हातात कागद घेऊन बोलतोय म्हटल्यावर, रोज डोळ्यांनी दिसणाऱ्या विमानाचं माणूस किती धरून बसणार?

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, खालून नुसतं बघून काय उपयोग, त्यालाही कळायला पाहिजे की बहीण उभी आहे. लाल चादर हलवा. दुसरा म्हणाला, लाल दाखवलं तर थांबेल. तिसरी बाई म्हणाली, थांबलं तर बरंच की, दोन शब्द तरी बोलतील. शेवटी गुरप्पांनी निकाल दिला, की रेल्वेच्या नियमाप्रमाणे चालत्या गाडीला हिरवं दाखवतात, तेव्हा चादर हिरवी.

पण वरून पाहायचं कुठं, हे नरसय्याला कळवायला नको का? म्हणून पत्र लिहायचं ठरलं. कमलम्मा म्हणाली, "लिहा, मी बघते म्हणून." गुरप्पांना एवढ्यावर पत्र संपवणं जमणारं नव्हतं. ऑफिसचा छापील कागद घेऊन त्यांनी लिहिलं, की आपली वडील बहीण कमलम्मा, दोन्ही गुडघे निकामी असतानाही, केवळ आपल्या दर्शनासाठी तीन जिने चढून गच्चीवर उभी राहणार आहे. तरी आपण दहा वाजून तेरा मिनिटांनी उजव्या बाजूच्या खिडकीतून खाली पाहावे, हिरवी चादर दिसेल. पत्र वाचून दाखवलं तेव्हा कमलम्मानं पदर तोंडाला लावला. महादेवीचेही डोळे भरले. गुरप्पांना स्वतःचंच पत्र फार आवडलं. ते मुंबईच्या दवाखान्याच्या पत्त्यावर गेलं.

राहिली गच्ची. बोळात तीन मजली इमारत एकच, रुद्रप्पांची. रुद्रप्पा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. तोंडी विनंती हा प्रकार त्यांना समजतच नसे.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

गुरप्पांनी अर्ज दिला. रुद्रप्पांनी चष्मा लावला. "सदर विमान कोणत्या दिशेने येणार, याचा खुलासा नाही. गच्चीवर किती इसम जमणार, याचा आकडा नाही. आणि चादर हलवणार म्हणता. एकाहत्तरच्या लढाईत खिडकीतला दिवा दिसला तर हवालदार दार वाजवायचा. विमानाला खुणा करणं हा गुन्हा होत नाही, असं मला लेखी पाहिजे."

"लढाई संपून तीन वर्षं झाली की, नाझरसाहेब."

"विमानवाल्याला ते माहीत आहे कशावरून?"

तीन दिवसांत गुरप्पांनी तीन अर्ज केले. तिसऱ्यात 'सर्व जबाबदारी अर्जदाराची राहील' असं वाक्य घातलं, तेव्हा रुद्रप्पांनी सही केली. बावीस वर्षं ज्यांच्या सहीनं गाठी मद्रासला पोचत होत्या, त्यांना शेजारच्या गच्चीवर पोचायला तीन अर्ज लागावेत, हे गुरप्पांच्या मनाला फार लागलं. पण कार्य मोठं असलं की अपमान गिळावा लागतो, असं त्यांनी महादेवीला सांगितलं. महादेवी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "गिळा. पण बार्शीचं तेवढं एकदा बघून घ्या की."

नऊ आणि दहा तारखेची त्यांनी रजा टाकली. ऑफिस हाताखालच्या धोंडप्पावर सोपवलं. धोंडप्पा प्रामाणिक होता, पण आदल्या वर्षी त्यानं स्वतःचं डोकं चालवून मदुराईच्या गाठी मथुरेला पाठवल्या होत्या. तेव्हापासून गुरप्पांनी त्याच्या टेबलासमोर आपल्या अक्षरात एक नियम लावला होता: 'तार आली की तिच्यातील स्टेशनचे नाव पाहावे. त्या स्टेशनवरील आपल्या माणसाकडे नक्कल पाठवावी. डोके चालवू नये.'

दहा तारीख उजाडली. ऊन स्वच्छ होतं. आभाळात औषधाला ढग नव्हता. नऊपासूनच लोक गच्चीवर जमायला लागले. अर्जात पंचवीस इसम लिहिले होते, साठ झाले. रुद्रप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून मोजत होते आणि पंचविसाव्यानंतर मोजायचे थांबले, कारण पुढचे इसम नियमात बसत नव्हते म्हणजे ते नव्हतेच. राजेसाबसुद्धा आला होता, चक्क रजा काढून.

कमलम्माला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. तिनं लुगडं नवं नेसलं होतं. केसात अबोली होती. प्रत्येक जिन्यावर खुर्ची हिंदकळली की ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. वर आल्यावर तिला मध्यभागी, आभाळाखाली, बसवण्यात आलं आणि हिरव्या चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

गुरप्पांनी घड्याळ काढलं. दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. साठ माना पश्चिमेला वळून वर लागल्या. तेवढ्यात स्टेशनच्या बाजूनं गाडीची लांब शिट्टी ऐकू आली. मुंबईहून हैदराबादला जाणारी एक्स्प्रेस आली होती. ती वीस मिनिटं थांबायची. शिट्टीबरोबर कमलम्माची मान तिकडं वळली आणि वळलेलीच राहिली.

"तिकडं काय बघताय?" गुरप्पा म्हणाले. "ती रोजचीच. वर बघा, वर!"

कमलम्मानं मान वर केली.

दहा वाजून तेरा मिनिटं झाली. आभाळात एक घार होती. दहा वाजून अठरा मिनिटं झाली. घारही गेली. कुणीतरी म्हणालं, कुर्डुवाडीला अडकलं असेल. कुणी हसलं नाही, कारण कमलम्मा अजून वर बघत होती. तिच्या डोळ्यांना उन्हानं पाणी यायला लागलं होतं. लांब स्टेशनात गाडीनं परत शिट्टी दिली आणि ती हैदराबादच्या दिशेनं निघून गेली. माना दुखायला लागल्या. लोक आभाळाकडे कमी आणि गुरप्पांकडे जास्त बघायला लागले. गुरप्पांना गच्चीचा कठडा फार जवळ आहे असं वाटायला लागलं.

पावणेअकराला घरघर ऐकू आली.

होटगी रोडच्या बाजूनं एक विमान येत होतं. पिवळं, लहानसं, टांग्याएवढं. पुढं एकच पंखा. शेतावर औषध मारायला असली विमानं त्या काळी येत. ते इतकं खालून आलं, की आत चष्मा लावलेला एकटा माणूस बसलेला गुरप्पांना स्वच्छ दिसला. तो नरसय्या नव्हता. ते हैदराबादचं विमान नव्हतं. ते आलंही होतं हैदराबादच्याच बाजूनं आणि निघालं होतं मुंबईकडे. गुरप्पांना हे सगळं एका क्षणात कळलं. त्या रात्रभर ते स्वतःला सांगत राहिले, की मला तेव्हा कळलंच नव्हतं. पण कळलं होतं.

कमलम्मानं त्यांच्याकडे बघितलं. "हेच काय हो?"

साठ माना गुरप्पांकडे वळल्या.

"हेच!" गुरप्पा ओरडले. "चादर हलवा!"

मग काय विचारता! साठ माणसांनी आरोळी ठोकली. चादर फडफडली. आणि ज्या बाईला बोळ ओलांडायला भिंत धरावी लागायची, ती कमलम्मा खुर्चीचा हात धरून उभी राहिली आणि हात वर करून "तम्मुडू, तम्मुडू" म्हणून धाकट्या भावाला हाका मारायला लागली. विमान वळून शेळगीच्या बाजूला गेलं. ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. बायकाही रडल्या. पेढे वाटले गेले. रुद्रप्पांनी गुरप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मानलं तुम्हाला."

गुरप्पांनी आपल्या वाट्याचा पेढा शेजारच्या पोराच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले, तेव्हा धोंडप्पानं एक चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठी अक्कलकोट रोड स्टेशनवरच्या एजन्सीच्या माणसाची, बिरप्पाची होती: 'अक्का मिळाली नाही. काल हातगाडी घेऊन दुपारपर्यंत प्लॅटफॉर्मवर थांबलो. एकूण गाठी किती, आणि माल ओला होऊ नये असा आहे काय, ते कळवावे.'

"ही काय भानगड?" गुरप्पांनी विचारलं.

"परवा दुपारी तार आलती की, साहेब. अक्कलकोट रोडची." धोंडप्पानं फायलीतून तार काढली. "व्यापाऱ्यानं नाव आखडून लिवलंय. पण मी वळखलं. नियमापरमानं लगीच नक्कल पाठवून दिली."

गुरप्पांनी तार वाचली. तार मुंबईहून, म्हेत्रे, सिद्धप्रभा, सोलापूर या नावानं आली होती. इंग्रजीत नऊदहाच शब्द होते: 'विमान रद्द केले. दहा तारखेला सकाळच्या एक्स्प्रेसने येतो. अक्का प्लॅटफॉर्मवर आणा. नरसय्या.'

अक्का म्हणजे तेलुगूत थोरली बहीण. साखर पेठेत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. धोंडप्पालाही होतं.

"अरे, अक्का म्हणजे अक्का!" गुरप्पा कसेबसे म्हणाले.

"ते आलतं मनात," धोंडप्पा म्हणाला आणि भिंतीवरच्या नियमाकडं बोट केलं. "पण डोकं चालवायचं न्हाय, असं हाय हितं."

गुरप्पा खाली बसले. दहा वाजता स्टेशनात आलेली ती गाडी त्यांना आठवली. तिची शिट्टी आठवली. तिकडं वळलेली कमलम्माची मान आठवली, आणि ती मान आपण परत आभाळाकडे वळवली हेही आठवलं. पाच मिनिटांच्या रस्त्यावर भाऊ प्लॅटफॉर्मवर उभा होता, आणि त्याच्या बहिणीला आपण साठ माणसं लावून गच्चीवर चढवून ठेवलं होतं. साधा टांगा केला असता तरी भेट झाली असती.

घरी आल्यावर त्यांनी महादेवीला सगळं सांगितलं. पिवळ्या विमानाचंसुद्धा. ती म्हणाली, "तिला सांगा."

"सांगतो. पण जरा दमानं. ती आत्ता सुखात आहे गं. तिनं भावाला बघितलंय."

"तिनं कुणाला बघितलंय?" महादेवी म्हणाली.

तरी गुरप्पांनी तीन दिवस काढले. त्या तीन दिवसांत ते घरातून मागच्या दारानं बाहेर पडले. समोरच्या ओट्यावर बसून कमलम्मा आल्यागेल्याला सांगत होती, की नरसय्या बारीक झालाय, पण तोंडावर तेज आहे. हे ऐकू आलं की गुरप्पांचे कान तापायचे. चौथ्या दिवशी नरसय्याचं पत्र आलं, आणि ते घेऊन कमलम्मा भिंत धरत धरत बोळ ओलांडून आली.

"म्हेत्रेसाहेब, सुनेनं वाचलं, पण मला काय उमजंना. तो लिहितोय, मी वीस मिनिटं प्लॅटफॉर्मवर उभा होतो. टाके धरून उभा होतो. तू आली न्हाईस. म्हणजे तुझा राग गेला न्हाय. बरं, असू दे." तिनं कागद पुढं केला. "तो जर गाडीत होता, तर मग विमानात कोण होतं हो?"

आता पळायला मागचं दारही उरलं नव्हतं. गुरप्पांनी सांगितलं. तार, धोंडप्पा, अक्कलकोट रोड, सगळं. मग पिवळ्या विमानाचंही सांगितलं, की मला माहीत होतं, तरी मी 'हेच' म्हणालो. त्यांना वाटलं, ती शिव्या देईल. तिनं द्याव्यात असंही वाटलं. कमलम्मानं कागद परत घेतला आणि त्याची घडी घातली.

"शिट्टी झाली, तवा माझं मन तिकडंच गेलतं," ती म्हणाली. "तुमी म्हणलात वर बघा, म्हणून मी वर बघितलं."

त्या रात्री गुरप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ दिवसांची रजा लिहून दिली. कारणाच्या रकान्यात त्यांनी पहिल्यांदा 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं, ते खोडलं आणि 'चूक दुरुस्ती' लिहिलं. मालकांनी वर बघितलं, पण विचारलं नाही. आणि त्याच दहाच्या एक्स्प्रेसनं गुरप्पा कमलम्माला घेऊन हैदराबादला निघाले. वाटेत समोरच्या प्रवाशानं वाडी जंक्शन किती लांब राहिलं म्हणून विचारलं. गुरप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

नरसय्याच्या घरी पोचले तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. बहीण आल्याचं कळूनही वळला नाही. कमलम्मा खाटेच्या कडेला बसली आणि त्याच्या पाठीकडे बघून तेलुगूत म्हणाली, "माझा गुडघा धरला होता रे त्या दिवशी. पायरी उतरवेना. निघाले होते, पण पोचले नाही."

एजन्सीचे निम्मे हमाल तेलुगू बोलणारे. गुरप्पांना शब्दन् शब्द कळला. ती त्यांना वाचवत होती. ज्या माणसानं तिला आभाळाकडे बघत बसवलं, त्याच्यासाठी ती आपल्या आजारी भावाशी खोटं बोलत होती, आणि तो माणूस दारात तिची पिशवी धरून उभा होता. गच्चीवर वाटली नव्हती, ऑफिसात वाटली नव्हती, एवढी लाज त्यांना त्या दारात वाटली.

"ती खोटं बोलतेय," गुरप्पा म्हणाले. "गुडघा नव्हता. मी होतो."

आणि त्यांनी उभ्या उभ्या परत सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. नॅरोगेजसुद्धा नाही.

नरसय्या हळूच वळला. वाळलेला, दाढी वाढलेला माणूस. त्यानं गुरप्पांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग उशीखाली हात घालून एक छापील कागद बाहेर काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता.

"हे तुम्ही लिहिलं?"

गुरप्पांनी मान हलवली.

"डॉक्टर नको म्हणत होता. मुलगा नको म्हणत होता. मी म्हटलं, ही बाई उंबरा चढताना आईबापाचा उद्धार करते. ती माझ्यासाठी तीन जिने चढणार, आणि मी तिच्या डोक्यावरनं उडून जाऊ? तिकीट रद्द कर म्हटलं." त्यानं कागद जपून घडी केला. "पत्र चांगलं लिहिता तुम्ही. हिशेब मात्र दुसऱ्याकडून करून घेत जा."

कमलम्मा आधी हसली. मग नरसय्या हसला आणि टाके दुखले म्हणून पोट धरून विव्हळला आणि तरी हसला. गुरप्पांनी पिशवी खाली ठेवली. त्यांना हसताही येईना आणि जाताही येईना. दहा मिनिटांनी बहीणभाऊ लग्नातल्या टोपलीवरून कडाकडा भांडत होते. अकरा वर्षांचं भांडण होतं, ते काय एका बैठकीत संपणार होतं! कमलम्मा महिनाभर तिथंच राहते म्हणाली.

गुरप्पा एकटे परत आले. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की बोळालाही सांगून टाकायचं. संध्याकाळी रुद्रप्पांच्या ओट्यावर दहाबारा माणसं होती. गुरप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी आपण जे बघितलं, ते हैदराबादचं विमान नव्हतं. औषध मारायचं होतं. मला माहीत होतं. नरसय्या त्यात नव्हताच. तो गाडीनं गेला. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं."

"कसं शक्य आहे?" रुद्रप्पा म्हणाले. "मी स्वतः बघितला त्याला खिडकीत. पांढरा रुमाल हलवत होता."

"त्या विमानाला खिडक्याच नव्हत्या, नाझरसाहेब."

"मग रुमाल कुणी हलवला?"

दुसऱ्या एकानं मागच्या सीटवर नरसय्याचा मुलगाही पाहिला होता. तिसऱ्याच्या बायकोला तर कमलम्माची हाक ऐकून विमान जरा हळू झालेलं दिसलं होतं. गुरप्पांनी वळून राजेसाबकडे बघितलं. एवढा एकच माणूस आता त्यांना हात देऊ शकत होता.

"राजेसाब, तुम्ही सांगा. तुमचं बरोबर होतं. विमान बार्शीवरनंच जातं."

राजेसाबनं मान खाली घातली. "न्हाय साब. रोज बघत होतो खरं, पण ते दुसरंच कुठलं तरी असंल. तुमी एवढा कागद मांडून काढलं, ते काय खोटं हाय? तुमी उगं मोठेपणा करायलाय."

"व्हय की," सगळे म्हणाले. "म्हातारीला नेऊन भावाला भेटवलं आणि वर स्वतःलाच नावं ठेवतोय. अशी माणसं राहिली न्हाईत."

कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. गुरप्पांनी तो तसाच ओट्यावर ठेवला आणि खाली मान घालून ते घरात आले.

"सांगितलं?" महादेवीनं विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"कुणी ऐकेना."

महादेवीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "मग उद्या परत सांगा," ती म्हणाली. "ऐकेपर्यंत सांगा."